नवं

या वर्षीचं नवं रुस्ताकला आलं
रेवाळ्याच्या पासपोर्टच्या पाकिटात, चेपलेलं:
भाताच्या दोन लोंब्या, नाचणीचं कणीस,
कुरडूचा सुकला तुरा,
आणि आंब्याचं पान, मधोमध मोडलेलं.
वहिनीने वर दोरा गुंडाळला होता,
दोऱ्यात चिठ्ठी: "दाराला बांधा. कोणत्याही."

कोणत्याही म्हणजे कोणत्या?
राहतो त्या खोलीचं दार सहा जणांचं,
आत तीन देव आणि एक शेगडी.
गोदामाचं दार म्हणजे शटर,
त्याला बांधलं तर सकाळी
पत्र्याबरोबर गुंडाळून वर जाईल.

अकरा वर्षं झाली, मी कापणीला वाकलेलो नाही.
मी स्टोअरकीपर.
पाइप, कोपरे, व्हॉल्व्ह, सिमेंट:
आलं किती, गेलं किती, उरलं किती.
"कोणामुळे" असा रकाना वहीत नसतो.
म्हणून जूनमधल्या खजुराची नोंद राहूनच गेली.

जूनमध्ये, उन्हाने पत्रे वाजत होते तेव्हा,
नासर बिन हमूद दारात उभा, हातात झाकलेलं ताट.
नघाल, म्हणाला. बागेतला पहिला.
अर्धा अजून पिवळा, अर्धा मधाला आलेला.
मी विचारलं, किती द्यायचे?
तो हसला. माझा हात खिशातच राहिला.
पहिला विकत नाहीत, म्हणाला,
जो दिसेल त्याला देतात.
तू दिसलास.

संध्याकाळी ताट परत करायला गेलो
तर माडाएवढ्या उंचीवर मोतालेब, नोआखालीचा,
कमरेला दोर, दाढीत काथ्याचा चुरा.
"खाली पडलं ते वेचणाऱ्याचं!"
वरूनच ओरडला
आणि मुद्दाम थोडं पाडलं.

त्या बागेच्या बांधाने फलज वाहतो.
डोंगराच्या पोटातून निघतो, हातभर रुंद,
कोणाच्या घाईला बधत नाही.
आधी पिणाऱ्यांना.
मग मशिदीत, वजूला.
मग बागांना, ज्याच्या त्याच्या घटकेप्रमाणे.
काठावर बसलं की मला आईचा हात दिसतो,
नव्या तांदळाच्या पहिल्या वाफेत:
एक मूद देवाला, एक गाईला,
एक कावळ्याला, पत्र्यावर,
मग घरातलं धाकटं,
मग आम्ही सगळे,
आणि शेवटी ती, टोपाच्या तळाशी.
मला वाटायचं, तिला खरवड आवडते.

काल पुनवेला नवं घेऊन तिथे गेलो.
मोतालेबने आधी हात पुसले, मग लोंबी घेतली.
एक दाणा दाताखाली फोडला.
"नबान्नो," तो म्हणाला.
"नवं," मी म्हणालो.
त्याच्याकडे कापणीला अजून महिना होता.
कोण कापणार ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

माझं अरबी दुकानापुरतं:
उद्या या, माल संपला, सुटे द्या.
शुक्रन आहे, पण तो मी पावतीबरोबर
दिवसातून पन्नासदा देतो, झिजलाय.
नासरपुढे लोंबी धरली आणि म्हटलं,
पहिला. विकत नाही.
त्याने दोन्ही हातांनी घेतली,
वास घेतला, डोळे मिटून,
आणि बराच वेळ परत दिली नाही.

मग मोतालेबनेच दोर पुढे केला,
चढायचा दोर, घामाने काळा पडलेला,
ज्याच्या भरवशावर तो दिवसभर आभाळाला पाठ टेकतो.
आमच्याकडे नांगराला बांधतात, विहिरीच्या रहाटाला बांधतात.
मी तिथेच बांधलं.

आज सकाळी लोंबीतले दाणे कमी होते.
साळुंकी असणार.
इथे कावळ्याचा वाटा तिच्याकडे दिसतोय.

वहिनीला फोन केला: बांधलं.
कुठल्या दाराला?
वर जातं त्या, म्हटलं.
ती थोडी थांबली.
मागे चुलीवर काहीतरी उतू जात होतं.
बरं, म्हणाली. जेवलात का, भावोजी?